तिच्या शेजारच्या खुर्चीत कोण होतं

अन्याय झाला तो अकरा वर्षांच्या एका मुलीवर. होळीच्या आदल्या गुरुवारी, दुपारी एकच्या सुमाराला, दिल्लीतल्या बालकल्याण समितीच्या खोलीत, तीन शिकलेल्या माणसांसमोर. तिचं नाव मी लिहिणार नाही. अशा मुलांची नावं छापायला कायद्याने मनाई आहे, आणि निदान हा एक कायदा तरी कोणीतरी पाळावा. तिचं गाव मराठवाड्यातलं आहे, एवढं पुरे.

मारहाण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. तरी मी त्या गुरुवारलाच अन्यायाचा दिवस म्हणते. कारण त्या दिवशी तिला वाचवायला सरकारने नेमलेली सगळी माणसं एका खोलीत हजर होती, मुलगी हजर होती, तिच्या अंगावरचे डागही हजर होते. कोणी गैरहजर होतं म्हणून झालं, असं म्हणायची सोयच नाही.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पानिपतच्या बसमध्ये. दिल्लीतल्या मराठी मंडळांची ही रीत आहे. संक्रांतीच्या सुमाराला बस करायची, युद्धस्मारकावर जायचं, फुलं वाहायची, भाषण ऐकायचं, डबे उघडायचे आणि परतताना शाली गुंडाळून झोपायचं. मी दिल्लीतच, मुनिरक्यात राहते. आले होते यूपीएससी करायला. दोन परीक्षांनंतर ते सोडलं आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिणाऱ्या, वाटणाऱ्या एका लहान गटात शिरले. खोलीचं भाडं निघावं म्हणून सरोजिनी नगरात जे सरकारी क्वार्टर अजून पाडायचे राहिलेत, तिथल्या मराठी मुलांना मराठी शिकवायचे. त्यातल्याच एका घराने मला बसमध्ये जागा दिली होती. काका मिनिस्ट्रीत अधिकारी, काकूही सरकारी नोकरीत, आठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे शिकणारी, आणि दोन वर्षांचं एक बाळ. ते बाळ जिच्या कडेवर होतं, ती ही मुलगी.

धुकं इतकं होतं की पुढची गाडी दिसत नव्हती. बसमधल्या प्रत्येकाच्या अंगावर दोन-दोन थर. तिच्या अंगावर फ्रॉक आणि कोणाचा तरी जुना अर्धा स्वेटर. स्मारकापाशी मंडळाचे सचिव बोलले. हे रिटायर्ड गृहस्थ, सगळे त्यांना नुसतं काका म्हणतात. मी मंडळाचे काका म्हणेन, म्हणजे गोंधळ नको. चांगलं बोलतात. सैन्याला शेवटी दाणा मिळेना, माणसं उपाशीपोटी लढायला उभी राहिली, हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, माझेही. मग पुऱ्या-भाजीचे डबे उघडले. आमचं सगळ्यांचं खाऊन झालं, बाळाला भरवून झालं, आणि मग काकूंनी उरलेल्या पुऱ्या एका झाकणात ठेवून तिच्याकडे सरकवल्या. ती बसच्या चाकापाशी उकिडवी बसून खात होती. आम्ही आपापले डबे आवरायला लागलो.

"कितवीत आहेस गं?" मी विचारलं.

तिने आधी काकूंकडे पाहिलं.

"शाळेत आहे," काकूच बोलल्या. "म्हणजे टाकायचीय. एप्रिलमध्ये ॲडमिशन. अगं, ह्यांच्या गावाकडची आहे. आई एकटी, तीन पोरी. शिकायला आणली बिचारीला. आपण नाही करायचं तर कोण करणार, सांग."

"कधी आणली?"

"झालं की. गेल्याच्या गेल्या दिवाळीत."

मध्ये एक अख्खा एप्रिल येऊन गेला होता.

तिने बाळाला बसच्या पायरीवर चढवायला हात वर केले तेव्हा स्वेटर सरकला. दंडाच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, एकमेकांना समांतर. माझी नजर काकूंनी टिपली. "पोळ्या शिकताना भाजलं," त्या म्हणाल्या. "गॅसजवळ जाऊ नको म्हटलं तरी ऐकेल तर ना." पोळ्या करताना बोटं भाजतात, मनगट भाजतं. दंडाची मागची बाजू तव्याला लावायची तर कसरत करावी लागते.

त्यानंतर मी शिकवणीला गेले की डोळे उघडे ठेवून बसायचे. ती बाल्कनीत झोपायची. पत्रा लावून बंद केलेली बाल्कनी, शेजारी गॅसचा जादा सिलिंडर. आतून भांडं पडल्याचा आवाज आला की पाठोपाठ दुसरा आवाज यायचा, आणि माझ्यासमोर बसलेली आठ वर्षांची मुलगी वहीतून मान वर न करता म्हणायची, "ताई, कुछ नहीं, ते रोजचंच आहे."

एका संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिला दुधाच्या बूथवर पाठवलं होतं. वाट एकच. ती माझ्या थोडी मागून चालत होती, मग शेजारी आली.

"ताई, तुम्ही गावाकडं जाता का?"

"दिवाळीला जाते. का गं?"

"मला न्या की. तिकीट नाही लागायचं. मी बारीक आहे, सीटखाली बसते."

"काकू मारतात?"

"कामच तसं होतंय माझ्याकडनं." थोडं चालल्यावर म्हणाली, "आधी उलथण्यानं मारायच्या. आता चिमटा गॅसवर धरतात." हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "दोघं हापिसात गेले की बाहेरनं कुलूप असतंय. बाळ झोपलं की मी खिडकीत बसते. समोर माकडं येतात. त्या दिवशी एकाला पाव दिला. पाव मोजलेले होते, मला काय ठाऊक."

"आई काय करते तुझी?"

"शाळेत खिचडी शिजवती. तिला वाटतंय मी हॉस्टेलात आहे."

गावातल्या सगळ्या पोरांना जेवायला घालणाऱ्या बाईची पोर दिल्लीत एका पावासाठी चटके खात होती. मी त्याच रस्त्यावर उभी राहून मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. ती दूध घेऊन धावत परत गेली. उशीर झालेला चालत नव्हता.

फोनवरचा माणूस सौजन्याने बोलला, हे नोंदवते.

"मैडम, आपने मारते हुए देखा है?"

"निशान देखे हैं। बच्ची ने खुद बताया है।"

"खाना-वाना मिलता है?"

"सबके बाद, बचा हुआ।"

"मतलब मिलता है।" टाइप केल्याचा आवाज. "ॲड्रेस... अच्छा, सेंट्रल गवर्नमेंट का क्वार्टर है। ठीक है, दिखवाते हैं।"

हाच फोन मी झोपडपट्टीतल्या एखाद्या बापाबद्दल केला असता तर त्या संध्याकाळी दारात पोलीस उभा राहिला असता. असे फोन मी केलेत, म्हणून सांगते. क्वार्टरचा नंबर सांगितला की आवाज खाली येतो.

हेल्पलाइनकडून चौकशीला जो कार्यकर्ता गेला तो माझ्याच वयाचा, कंत्राटी, अर्धा जिल्हा मोटरसायकलवर फिरणारा. त्याने जाण्याआधी काकूंना फोन करून वेळ ठरवली. मी भांडले तेव्हा म्हणाला, "बिना बताए जाओ तो लोग गेट पर ही लड़ते हैं, दीदी। हमारे साथ पुलिस थोड़ी चलती है।" खोटं नव्हतं ते. पण ठरलेल्या वेळी त्याला दिसायचं तेच दिसलं: नवा फ्रॉक, पाठीला दप्तर, वेणीला रिबीन. त्याने काकूंच्या समोरच विचारलं, "बेटा, कोई तकलीफ़?" मुलगी फरशीकडे बघत राहिली. तिला हिंदी हुकूम कळायचे, ला, रख, पोंछ. तकलीफ़ हा शब्द तिला त्या घरात कोणी कशाला ऐकवला असेल? रिपोर्टमध्ये आलं, बच्ची स्वस्थ व सामान्य.

मग आमच्या गटाने लेखी तक्रार दिली, डागांचं वर्णन लिहून. समितीच्या ऑफिसात मी इतक्या वेळा गेले की चहावाला मला साखर न विचारता चहा द्यायला लागला. शेवटी आदेश निघाला: मुलीला समितीपुढे हजर करा.

तोवर मी तिच्या आईला शोधलं होतं. गावच्या शाळेचे हेडमास्तर फोनवर आले, त्यांनी खिचडीच्या खोलीत नेऊन फोन तिच्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. 

"जेवती का?" तिने शेवटी विचारलं.

"कमी."

"सायेब म्हनले व्हते, हॉस्टेलात हाय, फोन लावायला परवानगी न्हाई." मग, "मी येते. हितं बदली बाई बघून येते. तवर पोरगी कुनाच्या हाती देऊ नका, ताई."

मी हो म्हणाले. समितीला लेखी कळवलंही, आई निघाली आहे, ती येईपर्यंत मुलीला बालगृहात ठेवा.

आता तो गुरुवार.

खोलीला प्लायवूडचं पार्टिशन होतं. तक्रारदार म्हणून मला बाहेर बाकावर बसवलं. आतलं सगळं ऐकू येत होतं. अध्यक्ष मॅडमनी मुलीला हिंदीत नाव विचारलं. ती बोलली. शाळा विचारली, तेव्हा ती मराठीत काहीतरी पुटपुटली.

"ये क्या बोल रही है? हिंदी नहीं आती?"

मी दारात जाऊन म्हटलं, मला मराठी येते, मी सांगते. मॅडम म्हणाल्या, "आप शिकायतकर्ता हैं। आप दुभाषिया कैसे हो सकती हैं?" बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, मग तुमच्या यादीतला दुभाषी बोलवा, नियमात यादी ठेवायला सांगितलीय. मॅडमनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्क म्हणाला, यादीत तमिळ आहे, बांगला आहे, नेपाली आहे. मराठी कधी लागली नव्हती.

आणि तिथे त्या घरातले काका उभे राहिले, नम्रपणे. "मैडम, हमारे मराठी मंडल के सचिव बाहर बैठे हैं। बुज़ुर्ग आदमी हैं। केस से उनका कोई लेना-देना नहीं।"

मंडळाचे काका त्यांच्याच गाडीतून आले होते. मी ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, एका कम्युनिटीचे लोक एकमेकांना ओळखणारच. आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

एक समजून घ्या. मंडळाचे काका दुष्ट नाहीत. दिल्लीत नवीन आलेल्या मराठी पोरांना खोली शोधून देतात. मला ताप आला होता तेव्हा त्यांनी घरून खिचडी पाठवली होती. त्यांना मनापासून वाटत होतं की आपला माणूस म्हणजे तटस्थ माणूस. परक्या शहरात मराठी घराची अब्रू सांभाळणं आणि मराठी मुलीला सांभाळणं ही त्यांच्या हिशेबात एकच गोष्ट होती. ते तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. खुर्ची ओढल्याचा आवाज मला आला.

"घाबरू नकोस बाळा," ते म्हणाले. "मी आहे ना. काका-काकूंकडे राहायचंय ना? शाळेत जायचंय ना एप्रिलपासून?"

"मला आईकडं जायचंय."

"हो, हो, जायचंच. सुट्टीत जायचं." मग हिंदीत, "घर की याद आती है, कहती है। मैडम, छोटी है।"

"पूछिए, मारते हैं क्या?"

"बाळा, काकू रागावतात कधी? चूक झाली की आईसुद्धा रागावते ना?"

 मग तिचा आवाज, अगदी हळू. "चिमटा लावतात."

ह्या दोन शब्दांसाठी मी जानेवारीपासून धडपडत होते. पार्टिशनच्या त्या बाजूला ते शब्द समजणारी चार माणसं होती: ती स्वतः, तिला मारणारी, मारणारीचा नवरा, आणि त्यांच्या गाडीतून आलेला दुभाषी.

"क्या कहा?" मॅडमनी विचारलं.

"किचन में काम सीखते हुए चिमटा लगा, कहती है। डाँट पड़ती है कभी-कभी।"

मी पुन्हा आत गेले. खोटं सांगतायत, म्हणाले, ती चिमटा लावतात म्हणाली, हात बघा तिचा. मॅडमनी बाही वर करायला लावली. बघितलं त्यांनी, सगळ्यांनी बघितलं. एक सदस्य म्हणाले, जुनं दिसतंय. मॅडम म्हणाल्या, "मेडिकल लिख देते हैं। और आप अब अंदर आईं तो पुलिस को कहना पड़ेगा।" ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. कोणाचं ऐकलं जातंय ते बघत होती.

आदेश हिंदीत वाचला गेला. आई येईपर्यंत मुलगी ह्याच कुटुंबाच्या देखरेखीखाली राहील, परिवार प्रतिष्ठित आहे, शाळाप्रवेश एप्रिलमध्ये होईल, महिन्याने पाहणी होईल. बालगृहात भाषेची अडचण येईल, तिथे मराठी कोणालाच येत नाही, म्हणून हेच बालकाच्या सर्वोत्तम हिताचं.

मराठी बोलते म्हणून तिला मराठीत मारणाऱ्यांकडे परत दिलं.

बाहेर काकूंनी मला गाठलं. "छाप आता तुझ्या पत्रकात," त्या म्हणाल्या. "स्वतःची परीक्षा झाली नाही, म्हणून दुसऱ्यांच्या घरात पेपर तपासत फिरतेस. उद्यापासून शिकवणीला येऊ नकोस."

मंडळाचे काका मागे रेंगाळले. "बेटा, तुझा हेतू चांगला आहे, बिल्कुल चांगला आहे. पण घरातली गोष्ट आहे. मी समज देतो त्यांना. कोर्टकचेरीत आपलीच बदनामी."

"काका, ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं," ते म्हणाले. "म्हणून तर समज देतो म्हणतोय."

होळीच्या सुट्ट्या लागल्या. रंग संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई निजामुद्दीन स्टेशनवर उतरली. हातात पिशवी, पिशवीत लेकीसाठी शेंगदाण्याचे लाडू आणि जुना पंजाबी ड्रेस, धाकटीच्या मापाचा. लेक किती वाढलीय याचा तिला अंदाज नव्हता. आम्ही सरळ क्वार्टरवर गेलो. दार काकूंनी उघडलं.

"ती इथे नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळेच सगळा तमाशा झाला. आमच्या नात्यातल्यांकडे पाठवलीय. तिथे आरामात आहे."

"कुटं?" आईने विचारलं.

"सांगतील साहेब."

साहेब टूरवर होते. फोन बंद.

ठाण्यावर गेलो. हवालदाराने आदेशाची प्रत वाचली आणि हरवल्याची तक्रार न घेता परत दिली. "गुमशुदगी नहीं बनती। बच्ची तो परिवार की कस्टडी में है, लिखा है।" समितीत गेलो. क्लार्क म्हणाला, अर्ज द्या, पुढच्या बैठकीत घेऊ. बैठकीत घेतला. काका आले, स्वच्छ शर्टात, म्हणाले की मुलगी त्यांच्या नातेवाइकांबरोबर एनसीआरमध्येच, म्हणजे दिल्लीच्या आसपासच आहे, घरात आपल्या बाळाची आजारपणं चाललीत, लवकरच हजर करू. पुढची तारीख पडली. त्या तारखेला ते आले नाहीत, वकील आला. मेडिकल झालंच नव्हतं. करायचं कोणाचं?

आई माझ्या खोलीत राहिली. दिवसभर ती सरोजिनी नगरच्या त्या इमारतीसमोर बसायची. गार्डने उठवलं की थोडं पुढे जाऊन बसायची. खाली येणाऱ्या प्रत्येक मोलकरणीला ती मराठीत विचारायची, माझी पोरगी पाहिली का. त्यांना मराठी कळायचं नाही, पण विचारणं कळायचं, त्या थांबायच्या. गावाहून हेडमास्तरांचा फोन आला, बदली बाई थांबत नाही, काम जाईल. घरी दोन पोरी शेजाऱ्यांकडे. गाडीत बसताना ती मला म्हणाली, "मी म्हनलं व्हतं, कुनाच्या हाती देऊ नका." आरोप म्हणून नाही. तिचं म्हणणं फक्त परत सांगितलं.

हे लिहितेय तोवर मुलगी सापडलेली नाही. कागदावर ती हरवलेलीही नाही. आम्ही हायकोर्टात अर्ज टाकायच्या मागे आहोत, वकील मिळालाय. तोवर ती दिल्लीत, नोएडात, गुडगावात किंवा फरीदाबादेत कुठल्यातरी घरात आहे, आणि ते घर बहुतेक मराठी आहे, तिथेही गणपती बसतो आणि तिथेही शेजारी म्हणतात की शिकायला आणलीय बिचारीला.

म्हणून हे तुम्हालाच, दिल्लीतल्या आणि आसपासच्या मराठी माणसांना. तुमच्या बिल्डिंगमध्ये, नात्यात, मंडळात गावाहून शिकायला आणलेली मुलगी असेल, तर तिची शाळा कुठली ते या आठवड्यात विचारा. तिला आणणाऱ्यांना नाही, तिला, एकटीला, तुमच्या मराठीत. शाळा नसेल तर तक्रार करा. आणि उद्या ऑफिसला जायच्या आधी तुमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत जाऊन मराठी दुभाषी म्हणून आपलं नाव द्या. ज्या घराची केस असेल ते घर तुमच्या ओळखीचं निघालं, तर तसं सांगून उठा. निघालं नाही, तर तिच्या शेजारी बसा आणि ती जे म्हणेल तेच सांगा.